ऐक्यासाठी प्रार्थना करताना आपण नेमके काय मागतो?

ख्रिस्ती ऐक्यासाठी जानेवारीत होणाऱ्या प्रार्थना सप्ताहाची सूचना मागील अंकात छापली होती. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबई येथून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील प्रश्न तेवढे ठेवले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे कुटुंब चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सी.एन.आय.) प्रॉटेस्टंट मंडळीत आहे. माझी नणंद लग्नानंतर कॅथलिक झाली. ती मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जाते, मी आमच्या उपासनेला जाते. नाताळात आम्ही एका ताटात जेवतो, पण प्रभूच्या मेजाशी, म्हणजे चर्चमधील प्रभुभोजनाच्या विधीला, एकत्र बसू शकत नाही. गेली तीस वर्षे दर जानेवारीत मी ऐक्याची प्रार्थना ऐकत आहे. तीस वर्षे तेच मागून सर्व काही होते तसेच राहत असेल, तर हा केवळ शिष्टाचार आहे असे म्हणायला काय हरकत आहे? (एक वाचक भगिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ‘शिष्टाचार’ हा शब्द बोचतो, आणि तो बोचावा म्हणूनच तुम्ही लिहिला असावा. एखादी प्रार्थना शिष्टाचारापुरती उरली आहे की नाही, हे ती किती वर्षे चालू आहे यावरून ठरत नाही. तीत आपण काय मागतो यावरून ठरते. या सप्ताहात काय मागायचे, यावर तर आरंभीची कित्येक वर्षे एकमत नव्हते.

हा उपक्रम १९०८ मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात ग्रेमूर येथे सुरू झाला. तो सुरू करणारे पॉल वॉटसन हे त्या वेळी एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतील अँग्लिकन, मंडळीचे धर्मगुरू होते आणि लुराना व्हाइट या धर्मभगिनीच्या सोबतीने त्यांनी एक लहानसा संन्यस्त संघ स्थापन केला होता. त्यांनी १८ जानेवारी हा त्या काळचा पेत्राच्या आसनाचा सण आरंभासाठी निवडला आणि २५ जानेवारी हा पौलाच्या परिवर्तनाचा सण समाप्तीसाठी. (मोजून पाहिले तर दिवस आठ भरतात, ‘सप्ताह’ हे आपण सवयीने म्हणतो.) पेत्राचे आसन म्हणजे रोमच्या पोपचे पद, म्हणून ते निवडण्यात हेतू उघड होता : दुरावलेल्या सर्वांनी रोमच्या अधिकाराखाली परतावे. वॉटसन यांनी स्वतः ते केलेही. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांचा संघ कॅथलिक ख्रिस्तसभेत सामील झाला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु ज्यांना रोमकडे जायचे नव्हते त्यांनी ही प्रार्थना कोणत्या तोंडाने म्हणावी, हा प्रश्न उरला. ‘देवा, आम्हांला एक कर’ असे म्हणताना मनात ‘त्यांना आमच्यासारखे कर’ असे असेल, तर समोरचा माणूस त्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणू शकत नाही.

हा पेच फ्रान्समधील लिओं शहराच्या पॉल कुतुरिए या कॅथलिक धर्मगुरूंनी १९३० च्या दशकात सोडवला. ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य त्याला हव्या त्या मार्गांनी घडावे, एवढेच मागावे, असे त्यांनी सुचवले. हा बदल वरवर शब्दांचा वाटतो, पण त्यात मागणाऱ्याने उत्तराचा मसुदा स्वतः लिहून देवासमोर सहीसाठी ठेवण्याची सवय सोडून दिली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात, अटकेच्या आदल्या घटकेला, आपल्या लोकांनी एक व्हावे असे येशू स्वतः पित्याजवळ मागतो. आपण जे करतो ती त्याच्या मागणीत घातलेली भर आहे, आणि ज्याची मागणी त्याने तिचा आकार ठरवावा हे रास्त आहे. माझ्या मते या सप्ताहाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि दुर्दैवाने आपल्या चर्चमधून सूचनापत्रिका वाचून दाखवताना हीच सांगितली जात नाही.

आता ‘काहीच घडले नाही’ या तुमच्या तक्रारीकडे येतो. भगिनी, ज्या मंडळीच्या बाकावर बसून आपण हे पत्र लिहिण्याचे ठरवले असेल, ती मंडळीच या प्रार्थनेच्या उत्तराचा एक भाग आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ मध्ये लखनौ येथे सुरू झाल्या होत्या. म्हणजे एकेचाळीस वर्षे लागली, आणि पहिल्या बैठकीला हजर असलेल्यांपैकी अनेकांना शेवटची बैठक पाहायला मिळाली नसणार. अँग्लिकन मंडळी, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरांतून आधीच एक झालेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे फिरली, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण ऐक्याचा इतिहास केवळ यशाच्या बाजूने सांगितला की तो खोटा वाटू लागतो.

यांत बिशप मानणारे होते आणि बिशप नको म्हणणारेही होते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि वयात आल्यावर स्वतः विश्वास प्रकट केल्याशिवाय बाप्तिस्मा होऊच शकत नाही असे मानणारेही होते. तोडगा असा निघाला की दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे मंडळीत मान्य राहतील, आणि स्थापनेच्या वेळी सर्व परंपरांच्या सेवकांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवून त्यांची सेवा एकत्र केली जाईल. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या बाप्तिस्म्यावर प्रश्नचिन्ह लावले होते त्यांची नातवंडे आज एकाच नोंदवहीत आहेत, आणि त्यांना ते माहीतही नाही. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की ते इतके नित्याचे होऊन जाते की आपण त्याची गणना करणे सोडून देतो.

कॅथलिक बाजूनेही वाट सरकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा हुकूमनामा प्रसिद्ध केला आणि त्यात हृदयपरिवर्तन, जीवनाचे पावित्र्य आणि ऐक्यासाठीची सार्वजनिक व खासगी प्रार्थना यांना या चळवळीचा आत्मा म्हटले. १९६८ पासून या सप्ताहाची सामग्री व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. तेव्हा आपल्या आणि नणंदेच्या हातात पडणारी पत्रिका एकाच मूळ मसुद्यावरून आलेली असते.

मेजाचे दुःख मात्र उरतेच, आणि ते झाकावे असे मी सुचवणार नाही. ते दुःख वाटेनासे झाले, की मग आपला ‘शिष्टाचार’ हा शब्द खरा ठरेल. पुढच्या जानेवारीत नणंद-भावजय दोघींनी आठ दिवस, फोनवर का होईना, एक स्तोत्र मिळून म्हणून पाहावे. सगळे जण १३३वे निवडतात, बंधूंनी एकत्र राहणे किती मनोरम, ते. ते सुंदर आहे, पण ते मुक्कामाला पोहोचलेल्यांचे स्तोत्र आहे. आपण दोघी अजून वाटेवर आहात. मी १३०वे सुचवीन, ज्यात खोल गर्तेतून हाक मारलेली आहे आणि पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी आहे.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात लॅटिन कॅथलिक, सीरो-मलबार कॅथलिक, मार्थोमा (केरळमधील एक ख्रिस्ती मंडळी), ऑर्थोडॉक्स, मराठी सी.एन.आय. आणि पेंटेकॉस्टल अशी कुटुंबे आहेत. आम्हा काही तरुणांना क्लबहाउसमध्ये ऐक्याची प्रार्थनासभा घ्यावयाची आहे. काय ठेवावे आणि काय टाळावे? (एक वाचक, खारघर)

उत्तर : प्रथम आपापल्या फादरांना आणि पाळकांना कळवावे. ही परवानगीपेक्षाही शिष्टाईची बाब आहे. नंतर कानावर गेले की साधी प्रार्थनासभाही कटाचे रूप घेते. सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवून वेळ ठरवावी, आणि ध्वनिक्षेपक टाळता आला तर उत्तमच.

प्रभुभोजन किंवा मिस्सा ठेवू नये. सर्वांना सहभागी होता येणार नाही अशा विधीने ऐक्याच्या सभेची सांगता करणे म्हणजे पंगतीला बोलावून अर्ध्या पाहुण्यांना उठवण्यासारखे आहे. वचने अशी निवडावीत, जी सर्वांच्या बायबलमध्ये आहेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, त्यामुळे शुभवर्तमाने, पत्रे किंवा स्तोत्रे घेतली की प्रश्न उरत नाही. प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावे. मल्याळममधील वचन मराठी माणसाला कळले नाही तरी बिघडत नाही; पाठ मराठीत छापून हातात द्यावा.

प्रभूची प्रार्थना ठेवाल तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. ‘वाइटापासून सोडव’ येथे कॅथलिक थांबतात, आणि प्रॉटेस्टंट ‘कारण राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणत पुढे जातात. मिस्सामध्ये तीच ओळ धर्मगुरूंच्या एका छोट्या प्रार्थनेनंतर लोक म्हणतात, म्हणून त्यांना तेथे थांबण्याची सवय झालेली असते. हा फरक सिद्धान्ताचा मुळीच नाही, पण सभेत अर्धे लोक गप्प होतात आणि उरलेले ओशाळून आवाज उतरवतात, आणि पाच सेकंदांच्या त्या अवघडलेपणात सगळी सभा आपल्यातील भेग ऐकते. मतांगीकाराच्या, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीच्या, बाबतीत मात्र फरक खरा आहे : पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की ‘पित्यापासून व पुत्रापासून’ निघतो, यावर पूर्व आणि पश्चिम यांच्यात हजार वर्षे वाद आहे. आपल्याकडे ऑर्थोडॉक्स कुटुंबे असल्यामुळे एक तर ते जादा शब्द नसलेला मूळ निकेया मतांगीकार घ्यावा, नाहीतर मतांगीकार पुढील वर्षासाठी ठेवावा. आणि त्यातील ‘सार्वत्रिक’ (मूळ शब्द ‘कॅथलिक’) हा शब्द कुणा मेथडिस्ट आजोबांना खटकलाच, तर तो कोणत्याही एका पंथाची मालमत्ता नाही, हे प्रेमाने सांगावे.

गाण्यांसाठी नारायण वामन टिळकांची भजने घ्यावीत. हे मी मराठीच्या अभिमानापोटी सांगत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास घेतला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना व न झालेल्यांनाही जागा ठेवली होती. पंथांच्या कुंपणाबाहेर ख्रिस्ताला शोधणारा त्यांच्याइतका मोठा कवी मराठी ख्रिस्ती समाजाला दुसरा मिळालेला नाही.

प्रार्थनेच्या वेळी पेंटेकॉस्टल बंधूंना मोठ्याने आणि एकदम प्रार्थना करण्याची सवय असते, ऑर्थोडॉक्स व कॅथलिकांना छापील प्रार्थनेची आणि शांततेची. दोन्हींना वेगळा वेळ द्यावा. मात्र कोणालाही दुसऱ्याच्या नावाने देवाकडे तक्रार करू देऊ नये. ‘प्रभो, जे मूर्तींपुढे मेणबत्त्या लावतात त्यांचे डोळे उघड’ अशी प्रार्थना मी एका ‘संयुक्त’ सभेत ऐकली आहे; त्यानंतरचा चहा कोणालाच गोड लागला नाही. पेंटेकॉस्टल कुटुंबे बालपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत म्हणून त्यांना वगळावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. वगळू नये. वादाचा विषय बाप्तिस्मा आहे आणि आपण प्रार्थनेला बोलावत आहात.

आपल्या यादीकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपले लॅटिन आणि सीरो-मलबार शेजारी वेगळ्या विधीने उपासना करतात, वेगळ्या धर्मप्रांतांत मोडतात (सीरो-मलबारांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला) आणि तरीही एकाच कॅथलिक सहभागितेत आहेत. मार्थोमा आणि सी.एन.आय. यांची परंपरा, भाषा, पोशाख सगळे निराळे आहे, तरी १९७८ पासून या दोन मंडळ्या आणि चर्च ऑफ साउथ इंडिया यांची संयुक्त परिषद आहे आणि ते एकमेकांच्या मेजाशी बसतात. ऐक्य म्हणजे सर्वांना एकाच साच्यात ओतणे, अशी भीती कोणी व्यक्त केली, तर त्याला आपल्या संकुलातील मजले दाखवावेत.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीनंतर तिच्या चर्चमध्ये प्रभुभोजन झाले. पाळकांनी सर्वांना पुढे बोलावले. मी गेले नाही आणि मैत्रिणीला वाईट वाटले. माझे चुकले का? (एक वाचक भगिनी, ऐरोली)

उत्तर : नाही. आपल्या ख्रिस्तसभेची शिस्त प्रॉटेस्टंट उपासनेत प्रभुभोजन घेण्यास परवानगी देत नाही, आणि पाळकांनी बोलावले ते त्यांच्या मंडळीच्या शिस्तीला धरून होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. मैत्रिणीला आपण हे कधी समजावून सांगितले नसेल, तर ती एक गोष्ट करायची राहून गेली आहे. दुःखाच्या घरी तिच्यासोबत गेलात, बाकावर तिच्या शेजारी बसलात, हे तिच्या लक्षात राहील.

प्रश्न : मी सत्तरीचा आहे आणि या विषयावरची आपली गोड भाषा वाचून कंटाळलो आहे. आमच्यातील खरी फूट रोम आणि कँटरबरी, म्हणजे कॅथलिक आणि अँग्लिकन, यांच्यातली नाही. ती जातीची आणि गावाची आहे. एकाच मंडळीत राहूनही कोणाची मुलगी कोणाकडे द्यायची, हे अजून जुन्या जातीवरून ठरते. त्यासाठी प्रार्थना कोण करतो? (एक ज्येष्ठ वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : काका, आपण रागाने लिहिले आहे, पण रागात एक अक्षरही चुकीचे लिहिलेले नाही.

मराठी ख्रिस्ती माणूस अमुक पंथाचा का, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या पणजोबांच्या तालुक्यात सापडते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर येथे अमेरिकन मराठी मिशन होते, म्हणून तिकडचे पुष्कळ जण काँग्रिगेशनल झाले. जालन्याकडे स्कॉटिश मिशन आणि कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, म्हणून तिकडचे प्रेस्बिटेरियन. नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणून तिथले अँग्लिकन. पणजोबांनी बिशपच्या अधिकारावर चिंतन करून निवड केली नव्हती. बैलगाडीने पोहोचता येईल अंतरावर जे मिशन होते, तेथे ते गेले. पुढे हीच माणसे गिरण्यांत, रेल्वेत आणि कारखान्यांत कामाला आली, ठाणे, कल्याण, मुंबईत स्थिरावली, आणि स्कॉटलंड व मॅसॅच्युसेट्स येथील जुन्या भांडणांचे वारस होऊन एकाच गल्लीत वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊ लागली. दोर्णकलचे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरया यांनी १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील जागतिक ख्रिस्ती परिषदेत पाश्चात्त्यांना नेमके हेच ऐकवले होते : ख्रिस्ती देशांत ही फाटाफूट दुबळेपणाचे कारण असेल, आमच्याकडे मात्र ती पाप आणि कलंक आहे.

परंतु आपला मुद्दा याच्याही पुढचा आहे, आणि त्याचा दोष कोणा परदेशी मिशनवर ढकलता येणार नाही. आपल्या भाषेत रोटी-बेटी व्यवहार असा जोडशब्द आहे. प्रभूच्या मेजाची रोटी कोणी कोणाबरोबर घ्यावी, हे धर्मगुरूंच्या परिषदा ठरवतात आणि त्यात आपला उपाय चालत नाही, हे मी वरच्या भगिनींना लिहिले. बेटीव्यवहार मात्र आपण स्वतः, आपल्या दिवाणखान्यात, चहाचा कप हातात धरून अडवलेला आहे. ‘स्थळ चांगले आहे, पण त्यांचे मूळचे कोण?’ हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नसतो. जो बाप्तिस्मा व्हॅटिकनपासून सी.एन.आय.पर्यंत सर्वांनी परस्परांचा मान्य केला, तो आपल्या लग्नाच्या बैठकीत अजून मान्य झालेला नाही.

याची दखल कोणीच घेतलेली नाही, असे मात्र नाही. २०१३ च्या सप्ताहाची सामग्री भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने तयार केली होती, आणि तिने मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील ‘देव आपल्यापासून काय मागतो’ हा प्रश्न घेऊन दलित ख्रिस्ती समाजावरील अन्याय थेट जगभरच्या चर्चसमोर ठेवला. त्या जानेवारीत युरोपातील चर्चमधून भारतातील जातिभेदाविरुद्ध प्रार्थना झाल्या. आपल्या मंडळीत ती पत्रिका कोणी वाचली, की नेहमीप्रमाणे भाषांतर वेळेवर आले नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. प्रार्थना कोण करतो, असे आपण विचारता. या वर्षी आपण करावी, उपासनेत, उभे राहून, जात हा शब्द उच्चारून. सत्तरीच्या माणसाला खाली बसवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

प्रश्न : संडे स्कूलच्या मुलांना ऐक्याविषयी काही सांगायचे आहे. ठाण्यातील एखादी गोष्ट सुचवाल का? (एक शिक्षिका, कळवा)

उत्तर : सातशे वर्षांपूर्वीची एक आहे. १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे तीन धर्मबंधू आणि त्यांच्यासोबत तिफ्लिसचा (जॉर्जियातील आजच्या तिबिलिसीचा) डिमीट्रियस असे चौघे होर्मुझहून जहाजाने निघाले. जायचे होते कोल्लमला. जहाज लागले ठाण्याला. त्या वेळी ठाण्यात पंधरा ख्रिस्ती घरे होती, आणि ती सर्व पूर्वेच्या चर्चची, ज्यांना पश्चिमेकडचे लोक नेस्तोरियन म्हणून हिणवत. त्यांपैकी एका घराने या परक्यांना ठेवून घेतले. पुढे त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने मारले, बायको काझीकडे दाद मागायला गेली आणि घरातील पाहुण्यांचे नाव साक्षीदार म्हणून निघाले. अशा रीतीने ते दरबारात पोहोचले, तेथे धर्माविषयी प्रश्नोत्तरे झाली आणि त्यांचा शेवट चौघांच्या मृत्यूत झाला. नंतर थोड्याच काळाने ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. ज्या अधिकाऱ्याच्या दरबारात हे घडले त्याला दिल्लीच्या सुलतानाने शिक्षा केल्याचेही तो लिहितो.

मुलांना मृत्यूचे वर्णन सांगण्याची गरज नाही. त्या घराविषयी सांगावे. ओदोरिकच्या लेखी ते यजमान पाखंडी होते, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. त्याच पाखंड्यांनी त्याच्या बंधूंना छप्पर आणि जेवण दिले होते. येशूचे ईश्वरपण आणि माणूसपण यांचा संबंध कसा मांडावा, यावरून पाचव्या शतकात पश्चिमेचे चर्च आणि पूर्वेचे चर्च ही दोन घराणी दुरावली होती. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या पूर्वेच्या चर्चचा वारसा सांगणाऱ्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, आणि ख्रिस्ताविषयी आम्हा दोघांचा विश्वास एकच आहे, असे त्यात लिहिले. ठाण्यातल्या त्या घराने दार उघडल्यानंतर सहाशे त्र्याहत्तर वर्षांनी.